चेहरा जुळत नाही

टॅबने सहाव्यांदा तेच सांगितलं: चेहरा जुळत नाही. सांगायची पद्धत मात्र सभ्य होती. आधी एक हिरवं वर्तुळ तिच्या चेहऱ्याभोवती फिरायचं, जरा विचारात पडल्यासारखं थांबायचं आणि मग लाल व्हायचं. फोटोवाल्याने टॅब बायकोच्या हातातून घेतला, शर्टाच्या टोकाने काच पुसली, खिडकीचा पडदा सारला, तिला ताठ बसवलं आणि सातव्यांदा समोर धरला. सातव्यांदाही काही वेगळं घडलं नाही.

"जाऊ दे," ती म्हणाली. एवढं म्हणायलाही तिला आता वेळ लागायचा.

"जाऊ दे कसं? आत अकरा प्रकरणं आहेत."

ही अकरा प्रकरणं म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. त्याच्या बायकोने तीस वर्षं वाचनालयात काढली होती. निवृत्त झाल्यावर तिने एका संस्थेसाठी पुस्तकं मोठ्याने वाचायला घेतली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यापर्यंत संस्था हे वाचन पोचवायची. प्रत्येक वाचकाला संस्थेने एकेक टॅब दिला होता. समोर बसायचं, चेहरा दाखवायचा, टॅब उघडला की वाचायला लागायचं. दुसऱ्या कुणी त्याच्याशी खेळू नये आणि एकाच्या नावावर दुसऱ्याने वाचू नये, म्हणून ही चेहऱ्याची भानगड. ना आकडा, ना सही. ज्या कंपनीने ते टॅब बनवले तिने दोन वर्षांपूर्वी गाशा गुंडाळला, आणि चेहऱ्याखेरीज तो कसा उघडायचा हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.

ती एका होडीवाल्याची दोन भागांची कादंबरी वाचत होती. पहिला भाग तिने गेल्या वर्षी संस्थेत दिला. त्याच्या शेवटी होडीवाला घर सोडून निघून जातो, आणि तो परततो की नाही हे दुसऱ्या भागाच्या बाराव्या प्रकरणापर्यंत कळत नाही. तिने दुसऱ्या भागाची अकरा प्रकरणं वाचून संपवली होती. एकेक प्रकरण पाठवून द्यायला तिला कुणी मनाई केली नव्हती, पण तिचा हट्ट असा की पुस्तक पुरं झाल्यावर स्वतः एकदा सगळं ऐकायचं, चुका दुरुस्त करायच्या, आणि मगच हातातून सोडायचं. मग एके सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तिच्या डाव्या हातातला कप सुटला. कप फुटला आणि ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली, वाकली नाही, तेव्हा फोटोवाला डॉक्टरांना फोन लावायला धावला; अर्धांगाचा झटका होता.

त्याला चार महिने झाले होते. हात आणि पाय व्यायामाने बरेचसे वळणावर आले. चेहरा मात्र आला नाही. डावी पापणी अर्ध्यावर लोंबायची, ओठाचा डावा कोपरा खाली ओढला गेला होता आणि आवाज जाड झाला होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की आवाज याहून फारसा सुधारणार नाही. म्हणजे तिचा जुना आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण तिला आत घ्यायला तयार नव्हतं.

संस्थेतला तंत्रज्ञ घरी येऊन गेला. बरा माणूस होता, पण बोलताना सारखा घड्याळाकडे बघायचा.

"काकू, महिनाअखेरीला सगळे जुने टॅब परत घेतोय आम्ही. नवे येतायत. जुने पुसून टाकायचे असं ठरलंय."

"आतलं न पुसता उघडता येत नाही?" फोटोवाल्याने विचारलं.

"उघडायचा तर सगळं पुसूनच उघडेल, काका. म्हणजे टॅब मिळेल, आतलं नाही. काकू पुन्हा वाचतील की सावकाश." मग स्वतःच काय बोलून बसलो हे लक्षात येऊन तो कानापर्यंत लाल झाला. जाताना दारात त्याने आवाज खाली आणला. "खरं सांगू का? हा टॅब अगदी साधा आहे. डोळ्यांतलं अंतर, नाकाची लांबी, ओठांचे कोपरे अशी मापं घेतो, बस. समोर माणूस आहे की फोटो, ते त्याला कळत नाही. काकूंचा जुना फोटो धरून बघा. मी सांगितलं असं कुठे बोलू नका. आणि ते आजोबा आहेत ना, आमचे जुने श्रोते, दर सोमवारी फोन करतात. होडीवाला आला का म्हणून विचारतात."

फोटोवाल्याचा जीव भांड्यात पडला. फोटो! फोटोंची त्या घरात काय कमतरता होती? चाळीस वर्षं त्याने चौकात फोटोचं दुकान चालवलं होतं. बायकोचे फोटो भिंतींवर होते, कपाटात होते, दुकान बंद करताना आणलेल्या खोक्यांत होते. त्याने ते सगळे जेवणाच्या टेबलावर मांडले आणि एकेक टॅबसमोर धरत गेला. लाल. लाल. लाल. संध्याकाळपर्यंत एकशे बारा फोटो झाले. टॅब थकला नाही, हाच थकला.

कारण त्याला सातव्या-आठव्या फोटोलाच कळलं होतं, फक्त मान्य करायचं नव्हतं. लोकांचे चेहरे सुधारून त्याने पोट भरलं होतं. पूर्वी निगेटिव्हखाली दिवा लावून, बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या भरायचा. पुढे संगणक आल्यावर तेच काम माऊसने करायला लागला. वाकडं नाक सरळ, लहान डोळा मोठा, एक भुवई दुसरीच्या पातळीवर. चौकातले लोक म्हणायचे, स्वतःला ओळखायचं नसेल तर याच्याकडे फोटो काढा. दुकानात इतरांचं सुधारणारा माणूस घरच्या बायकोचं तसंच ठेवील होय? तिच्या प्रत्येक फोटोवर त्याचा हात फिरला होता. सरकारी ओळखपत्रावरचा फोटोसुद्धा त्याच्याच हातचा. लग्नाच्या चौतीस वर्षांत तिचा एकही खरा फोटो त्या घरात नव्हता.

मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. ती सुटीच्या दिवशी आली आणि तिने आपला फोन उलथापालथा केला. त्यात आई होती, पण कुठे कुणाच्या मागे, कुठे तोंडावर हात, कुठे पाठमोरी. "घरात एक फोटोवाला पुरे," असं म्हणून ती दुसऱ्या कुणाला फोटो काढूच द्यायची नाही. दोन फोटो समोरून होते, पण मुलीच्या फोनने ते आपणहून गुळगुळीत केले होते.

"फोनसुद्धा तुमच्याच जातीचा निघाला, बाबा," मुलगी म्हणाली.

"मग मी चित्र काढतो," तो म्हणाला.

मुलीने त्याच्याकडे बघितलं. त्याचं चित्रकलेचं खूळ तिला ठाऊक होतं. दुकान बंद केल्यापासून तो मागच्या खोलीत रंग घेऊन बसायचा. शहराच्या कलादालनाने प्रदर्शन जाहीर केलं होतं, 'यंत्रयुगात माणसाची ओळख' असा विषय होता, आणि त्यासाठी त्याने चांगलं चार फूट उंच डोकं रंगवायला घेतलं होतं: अर्ध्या कवटीत वायरी, एका डोळ्याच्या जागी आकडे, कपाळावर काळ्या पट्ट्या. आजारी पडायच्या आठवडाभर आधी बायकोने ते नीट निरखून बघितलं होतं.

"छान आहे," ती म्हणाली होती. "पण हा कोण?"

"माणूस."

"कुठला?"

त्यावर हा दोन दिवस घुश्शात होता. आता ते डोकं भिंतीकडे तोंड करून उभं होतं.

"बाबा, टॅब तुमच्या चित्राला दाद देईल?"

"दाद नको. मापं जुळली म्हणजे झालं. आणि मापं मला कळतात."

महिना संपायला अठरा दिवस होते. त्याने वहीच्या पुठ्ठ्याएवढा कॅनव्हास घेतला, बायकोला खिडकीशी बसवलं आणि स्वतःसाठी तिच्या उजव्या हाताला स्टूल टाकलं. उजेड त्या बाजूने बरा असतो, असं त्याने कुणी न विचारताच सांगितलं. जेवतानाही हल्ली तो तिच्या उजवीकडेच बसायचा, टीव्ही बघतानाही. कारण विचारलं असतं तर उजेडच सांगितला असता.

उजवी बाजू त्याने चार दिवसांत उतरवली. डावीची अडचण नव्हती, त्याची दुकानातली युक्ती होतीच. गिऱ्हाइकाचा एक गाल सुजलेला असला की दुसरा गाल उलटा करून तिथे बसवायचा. त्याने उजवा अर्धा चेहरा ट्रेसिंगच्या कागदावर घेतला, कागद पालथा केला आणि डावीकडे छापला. चित्र सुंदर झालं. मुलीने बघून फक्त छान म्हटलं. त्याने टॅब समोर धरला. हिरवं वर्तुळ फिरलं, थांबलं, लाल झालं.

मग त्याने आठवून काढायला घेतलं. चौतीस वर्षं रोज बघितलेला चेहरा, तो आठवणार नाही? पण ब्रश टेकवला की हाताला जे आठवायचं ते भिंतीवरच्या फोटोंतलं आठवायचं, म्हणजे स्वतःचंच केलेलं. आणखी पाच दिवस गेले. दुसरं चित्र झालं, तिसरं झालं. टॅबने दोन्हींना सारखाच न्याय दिला.

तिसऱ्या चित्रानंतर तो स्टुलावर हात लोंबकळत बसला. "मला तुझा चेहरा येत नाही," तो म्हणाला. हे बोलताना त्याला लाज वाटली, आणि ती त्याने लपवली नाही.

ती म्हणाली, "डावीकडे ये."

"उजेड..."

"उजेड गेला खड्ड्यात. चार महिने तू उजवीकडेच बसतोस. मला कळत नाही का?"

तो उठला. स्टूल उचललं, तिच्या पुढून नेऊन डावीकडे ठेवलं आणि बसला, आणि तरी त्याची नजर कॅनव्हासवरच होती.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "त्या बाजूने बघितलं की तो कप फुटल्याचा आवाज येतो."

"मलाही वाटते. रोज सकाळी आरशात." तिने श्वास घेतला. "पण मला कुठे पलीकडे जाऊन बसता येतं?"

त्याने मान वर केली आणि बघितलं. नीट, गिऱ्हाईक बसल्यावर बघायचा तसं. फक्त या वेळी काय झाकायचं हे शोधत नव्हता.

तिने चष्मा घातला, डोळे मिटले आणि उजव्या हाताचं बोट स्वतःच्या कपाळावर ठेवलं. मग ती स्वतःचा चेहरा वाचायला लागली. दुसरं काय म्हणणार? ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवायची सवयच होती तिला.

"लिहून घे. चष्मा. तू कायम काढायला लावायचास. मी वाचताना घालते."

"काचेवर चमक येते म्हणून..."

"मध्ये बोलू नको. भुवई. डावीचं टोक नाही. लहानपणी भाजलं होतं. तू काढून द्यायचास टोक." बोट खाली आलं. "हा डोळा उजव्यापेक्षा खाली. आधीपासून. नाण्याच्या जाडीएवढा. नाक डावीकडे वळतं. झोपाळ्यावरून पडले होते. हा खड्डा."

"कुठला खड्डा?"

"ओठाखाली. हात लाव."

त्याने हात लावला. खड्डा होता. तीळभर, पण होता. ओठ खाली आल्यामुळे तोही थोडा खाली आला होता, एवढंच. त्याने बोटाने गालाचं हाड चाचपलं, डोळ्याची खोबण चाचपली. हाडं जिथल्या तिथे होती. पापणी लोंबली होती, पण डोळ्याचा कोपरा हललेला नव्हता. चार महिने तो समजत होता की या बाजूचं सगळं गेलं. आणि गेलं होतं ते किती, तर कापड खांद्यावरून घसरावं तेवढं. जुना चेहरा आठवायची गरजच नव्हती, तो इथेच होता, फक्त इकडे येऊन बघायला हवं होतं.

"आणि वाचताना ही भुवई वर जाते," ती म्हणाली. "तुझ्याशी भांडतानाही. आता जात नाही. ते तू तुझ्या मनाने काढ."

"ते मला येतं," तो म्हणाला. भांडणाचा अनुभव दांडगा होता.

सहा दिवस लागले. रोज सकाळी नऊ ते बारा, डावीकडून. त्याने कंपास घेऊन मापं घेतली, ती मध्येच कंटाळून शिव्या द्यायची, त्यातले निम्मे शब्द जड जिभेखाली अडकायचे आणि दोघांना हसू यायचं. चित्र सुंदर वगैरे झालं नाही. नाक वाकडं, एक डोळा खाली, भुवईला टोक नाही, चष्म्यावर खिडकीची चमक. मुलगी आली, तिने बघितलं आणि म्हणाली, "अरे, ही तर आई."

महिना संपायला दोन दिवस राहिले होते. टॅब मुलीने धरला, फोटोवाल्याने चित्र. हिरवं वर्तुळ फिरलं. थांबलं. तसंच हिरवं राहिलं, आणि मग पडद्यावर आलं: नमस्कार, वाचनाला सुरुवात करा.

मुलीने पहिल्या प्रकरणावर बोट ठेवलं आणि खोलीत तिचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, शेवटच्या शब्दापाशी किंचित वर जाणारा. होडीवाल्याच्या धाकट्या मुलीला ताप आला होता आणि पाणी वाढत होतं. फोटोवाला रडला. त्याने तोंड वळवलं नाही, खिशातून रुमाल काढून सरळ समोर बसून रडला. मुलगी आईच्या खांद्याला धरून उभी राहिली. बायको मात्र कान देऊन ऐकत होती, ऐकता ऐकता तिचं कपाळ आक्रसलं.

"इथे चुकलं," ती म्हणाली. "एक ओळ गाळली मी."

अकरा प्रकरणं त्या गाळलेल्या ओळीसकट त्याच दुपारी संस्थेत पोचली. तंत्रज्ञ फोनवर म्हणाला, "काका, तुम्ही तर कमाल केलीत," आणि वर असंही म्हणाला की काकूंना ठेवायचा असेल तर जुना टॅब राहू दे त्यांच्याकडे, एक कमी जमा झाल्याने कुणाचं काही अडत नाही.

संध्याकाळी फोटोवाला चहा घेऊन आला तेव्हा ती टॅब मांडीवर घेऊन बसली होती. चित्र समोर टेकवून तिने तो पुन्हा उघडला होता आणि आतल्या पानांत काहीतरी शोधत होती. पडद्यावर 'चेहरा बदला' असं लिहिलेलं त्याला दिसलं. तिने चित्राकडून टॅब स्वतःकडे वळवला. वर्तुळ तिच्याभोवती फिरलं, एकदा, दोनदा, तीनदा, लोंबलेल्या पापणीसकट, ओढल्या ओठासकट. मग टॅबने विचारलं: जुना चेहरा पुसायचा?

"अगं, थांब," तो म्हणाला. "राहू दे ना दोन्ही. एवढ्या मेहनतीने..."

तिने 'हो' वर बोट टेकवलं.

"तिचं वाचून झालं," चित्राकडे मान करून ती म्हणाली. "बारावं मला वाचायचंय."

बारावं प्रकरण पूर्वी तिने एका तासात संपवलं असतं. आता त्याला नऊ दिवस लागले. रोज दोन-तीन पानं. जाड आवाज, तुटक वाक्यं, अडलेल्या शब्दापाशी थांबून पुन्हा पहिल्यापासून. फोटोवाला पुस्तकाची पानं उलटायचा, डावीकडे बसून. संस्था ते प्रकरण ठेवील की नाही याची तिला धाकधूक होती. पुढच्या सोमवारी तंत्रज्ञाने कळवलं की आजोबांचा फोन आला होता. बाराव्या प्रकरणात बाईंचा आवाज का बदलला, असं त्यांनी विचारलं. आजारी होत्या, असं सांगितल्यावर ते म्हणाले, होडीवालाही एवढ्या वर्षांनी परत येतो तेव्हा त्याचा आवाज काय तोच राहील? पुढचं पुस्तक कधी, एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

चार फुटी डोक्याचं त्याने पुढे काय केलं म्हणाल, तर कॅनव्हास चांगला होता म्हणून पांढरा रंग फासून पुन्हा वापरायला काढला. प्रदर्शनाचा अर्ज मुलीने भरला आणि कलादालनात बायकोचं चित्र लागलं, शेवटच्या खोलीत, विजेच्या बोर्डाशेजारी. खाली चिठ्ठीवर मुलीने दोन ओळींत हकिकत लिहिली होती. पहिल्या दिवशी ती वाचून एका तरुणाला गंमत वाटली. तो कुणीतरी कलाशिक्षक असावा, कारण आधी त्याने मान तिरकी करून डोळा जरा खाली गेलाय असं सांगितलं. तसाच आहे, असं फोटोवाला म्हणाला.

"आणि या चित्राने खरंच टॅब उघडला?"

"उघडला."

"दाखवता?"

टॅब बायकोच्या पिशवीत होता. ती कुठेही गेली तरी पुस्तक आणि टॅब बरोबर ठेवायची. फोटोवाल्याने तो घेतला आणि चित्रासमोर धरला. पाच-सहा माणसं गोळा झाली. हिरवं वर्तुळ फिरलं, विचारात पडल्यासारखं थांबलं आणि लाल झालं. चेहरा जुळत नाही.

माणसं हसली. कलाशिक्षकही हसला, पण समजून घेतल्यासारखं. तीन महिन्यांपूर्वी फोटोवाल्याला यावर तोंड लपवावंसं वाटलं असतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

ती भिंतीशी खुर्चीवर बसली होती. त्याने टॅब तिच्यासमोर धरला. काच पुसली नाही, तिला सरळ बसायला सांगितलं नाही. टॅब लगेच उघडला. तिने चष्मा घातला, पिशवीतून नवं पुस्तक काढलं आणि इथे फार गलका आहे, घरी कधी जायचं, असं विचारलं. त्याने तिच्या डाव्या हाताला धरून तिला उठवलं.